न उघडणाऱ्या चित्रफितीची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात घराच्या डागडुजीसाठी माळ्यावरचे सामान खाली काढले, तेव्हा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, जुन्या लग्नपत्रिका आणि विम्याच्या पावत्या यांच्या तळाशी, एक सीडी सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'आजी, सोपा, २००२' एवढेच लिहिलेले होते. आईला दाखवली. तिने ती हातात घेतली, दोन्ही बाजूंनी न्याहाळली आणि विचारले, "यात माझी आई बोलते ना ग?"

बोलते. १९९७ मध्ये मामांच्या घरच्या लग्नासाठी व्हीएचएस कॅमेरा आणला होता. लग्न आटोपल्यावर फितीत जागा उरली म्हणून दुसऱ्या दिवशी मामांनी आजीला सोप्यात बसवून बोलते केले. कृष्णाकाठच्या त्या गावी ती लग्न होऊन आली तो दिवस, नावेतून नदी ओलांडताना बसलेली धाकधूक, पुढे एका पुरात उंबऱ्याला लागलेले पाणी, असे बरेच काही ती ४२ मिनिटे सांगत राहिली. १९९९ मध्ये आजी गेली. २००२ मध्ये आम्ही तालुक्याच्या गावातील एका दुकानातून त्या फितीची सीडी करून घेतली, एकदा घरच्या संगणकावर पाहिली आणि जपून ठेवली. मूळ फितीला पुढे बुरशी लागली व ती टाकून द्यावी लागली. तो संगणकही यथावकाश भंगारात गेला. म्हणजे आजीचे ते बोलणे आता जगात एकाच ठिकाणी उरले होते, त्या बिस्किटांच्या डब्यात.

हल्लीच्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला होता, त्याने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडीत ६४० मेगाबाइटची एकच फाइल होती. ती उघडली. पडदा काळाच राहिला आणि त्या काळ्या पडद्यामागून आजीचा आवाज येऊ लागला. आई खुर्चीत पुढे सरकली. थोड्या वेळाने आजी म्हणाली, "आणि ही तर एवढीच हुती बघा." बोलणे आईविषयी होते, तिच्या जन्माविषयी. आईने विचारले, "केवढी? हातानं दाखवत असेल ना ती?"

नक्कीच दाखवत असणार. पण तो हात आम्हाला दिसत नव्हता. पुढील तीन आठवडे आम्ही जो खटाटोप केला तो त्या हातासाठी. आज घरोघरी अशा सीडी, पेन ड्राइव्ह आणि जुने मोबाइल पडून आहेत. आमचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

रुमाल आणि लिपी

प्रारंभी माझी समजूत अशी की फाइल खराब झाली असावी. भाच्याने ती खोडून काढली. "मावशी, फाइल धडधाकट आहे. ही कुठल्या पद्धतीनं लिहिली आहे ते तुझ्या लॅपटॉपला वाचता येत नाही, एवढंच."

मी अनेक वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले असल्यामुळे मला ही गोष्ट मोडीच्या उदाहरणाने पटली. जुन्या दफ्तरांत कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात. रुमाल सोडला, कागद हाती आला, शाईही ठळक आहे. पण मोडी वाचणारा जवळ नसेल तर तो कागद मुका. संगणकावरील चित्रफितीचे असेच दोन थर असतात. एव्हीआय, एमओव्ही, एमपी४, एमकेव्ही ही फाइलच्या नावाशेवटी दिसणारी अक्षरे म्हणजे रुमाल. चित्र आणि ध्वनी यांचे गठ्ठे कोणत्या क्रमाने बांधले आहेत एवढेच तो सांगतो. आतील मजकूर ज्या लिपीत लिहिला जातो तिला कोडेक म्हणतात. एकाच एव्हीआय रुमालात डझनभर निरनिराळ्या लिपींतील मजकूर असू शकतो. त्यामुळे 'एव्हीआय चालते' असे लिहिलेल्या यंत्रावरही आपली एव्हीआय फाइल चालेलच असे नाही. आमच्या फाइलमधील ध्वनी साध्या, सर्वपरिचित पद्धतीने लिहिलेला होता. चित्र मात्र परक्या लिपीत होते. म्हणून आजी ऐकू येत होती, दिसत नव्हती.

चित्र सरळ लिहून न ठेवता असे सांकेतिक का लिहावे लागते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर गणितात आहे. आमच्या फाइलमधील प्रत्येक चौकट ३५२ बिंदू रुंद आणि २८८ बिंदू उंच आहे. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एका चौकटीला सुमारे तीन लाख बाइट लागतात. भारतातील दूरदर्शन पद्धतीप्रमाणे सेकंदाला २५ चौकटी. त्या हिशोबाने ४२ मिनिटांना सुमारे १९ गिगाबाइट जागा हवी. एका सीडीत ती ७०० मेगाबाइटच्या आसपास मिळते. तेव्हा मजकूर आटवण्याखेरीज गत्यंतर नव्हते. आजी बोलत असते, तिचे ओठ आणि हात हलतात, पण मागची भिंत हलत नाही. मग भिंत प्रत्येक चौकटीत नव्याने कशाला लिहायची? 'मागच्यासारखेच' एवढे नोंदवले की पुरते. शिवाय डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळता येतात. अशा युक्त्यांनी १९ गिगाबाइट तिसाव्या हिश्शात बसवले गेले. प्रत्येक कोडेक म्हणजे अशा युक्त्यांचा एक स्वतंत्र संच होय. आणि ज्याला तो संच ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ती फाइल म्हणजे अंकांचा नुसता ढीग.

लिपी इतक्या का झाल्या?

संगणकावर हलते चित्र दाखवण्याची ॲपलची क्विकटाइम ही पद्धत १९९१ च्या डिसेंबरात आली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एव्हीआय आणले. १९९३ मध्ये एमपीईजी-१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आणि त्यावर आपल्याकडे घराघरांत पोहोचलेली व्हिडिओ सीडी उभी राहिली. त्याच दशकात इंटेलचा इंडिओ, सिनेपॅक, रिअलव्हिडिओ, विंडोज मीडिया अशा कितीतरी पद्धती निघाल्या. प्रत्येक कंपनीला आपलीच पद्धत सर्वमान्य व्हावी असे वाटे. एकाच्या संगणकावर घडवलेली चित्रफीत दुसऱ्याकडे उघडत नसे आणि मधल्यामध्ये कुटुंबांच्या आठवणी अडकून पडत. २००३ मध्ये एच.२६४ हे मानक आले आणि मोबाइल, दूरदर्शन संच, संगणक या सर्वांनी ते स्वीकारल्यामुळे बराच काळ स्थैर्य लाभले. त्यानंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१ आले. म्हणजे लिपी बदलण्याचा क्रम आजही थांबलेला नाही.

नवी पद्धत येते त्याचे दुःख नाही. जुनी वाचणारा निघून जातो त्याचे आहे. २००६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने मॅक संगणकासाठी स्वतःचा विंडोज मीडिया प्लेअर पुढे विकसित न करण्याचे जाहीर केले आणि मॅकच्या वापरकर्त्यांना फ्लिप४मॅक या दुसऱ्या कंपनीच्या पूरक साधनाकडे वळवले. त्याच वर्षी काही स्वयंसेवकांनी पेरियन नावाचे मोफत पूरक साधन काढले. ते बसवले की क्विकटाइमला अनेक परक्या लिपी वाचता येत. २०१२ मध्ये त्याचेही काम थांबले. २०१६ मध्ये ॲपलने विंडोजवरील क्विकटाइमची देखभाल सोडली. २०१९ च्या मॅक प्रणालीत अनेक जुन्या कोडेकना जागा राहिली नाही. यांतील प्रत्येक निर्णयामागे सुरक्षा, खर्च, नवे यंत्र अशी काही ना काही सबळ कारणे होती. परंतु कोणत्याही कंपनीच्या निर्णयाची वार्ता आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यापर्यंत पोहोचत नसते.

आमच्या सीडीची गाठ याहून अवघड निघाली. त्या काळी व्हीएचएस फीत संगणकात उतरवण्यासाठी एक कार्ड बसवावे लागे आणि काही कार्डांबरोबर त्यांच्या उत्पादकाचा स्वतःचा कोडेक येत असे. फाइलच्या आरंभी कोडेकची ओळख म्हणून चार अक्षरांची एक खूण लिहिलेली असते. भाच्याने ती शोधून काढली. ती इंडिओची नव्हती, सिनेपॅकचीही नव्हती. ते कार्ड बाजारातून जाऊन बरीच वर्षे लोटली होती.

परकी लिपी शिकणारे लोक

अशा वेळी उपयोगी पडतात ते मुक्त सॉफ्टवेअर घडवणारे लोक. यांतील सर्वांत परिचित नाव व्हीएलसी. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे त्याचे चिन्ह बहुतेकांनी पाहिले असेल. रस्त्याचे काम चालू असताना ठेवतात तोच हा शंकू. याचा उगम १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पात आहे. वसतिगृहातील संगणकजाळ्यावरून दूरदर्शनचे चित्र सर्वांना पाहता यावे असा तो खटाटोप होता. २००१ च्या फेब्रुवारीत संस्थेच्या संमतीने तो मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. आवृत्तीला '१.०' हा आकडा लावण्याचे धाडस मात्र त्यांनी २००९ च्या जुलैत केले. तोपर्यंतची आठ वर्षे लोक शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्याच वापरत होते, दोष कळवत होते आणि ते दुरुस्त होत होते.

अशा अनेक प्लेअरांच्या पोटात आणखी एक साधन काम करते, ते म्हणजे एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० मध्ये ते सुरू केले आणि नंतर जगभरच्या अनेकांनी वाढवले. ज्या कोडेकची कागदपत्रे उत्पादकाने कधी प्रसिद्धच केली नाहीत, तेही या मंडळींनी उलगडले आहेत. त्यांची रीत मोडीचा अभ्यासक वापरतो तशीच. ज्याचा अर्थ आधीच ठाऊक आहे असा मजकूर समोर ठेवायचा, जुने मूळ सॉफ्टवेअर त्यातून कोणते चित्र काढते ते पाहायचे, आणि कोणत्या अंकातून काय निघाले याची संगती लावत एकेक अक्षर सोडवायचे. हे काम संथ असते, आणि त्यातील पुष्कळसे विनामोबदला चालते.

आम्ही वापरलेल्या मुक्त प्लेअरचे नाव येथे देत नाही, कारण पुढे त्याच्या दोषाची हकिकत आहे आणि तो दोष आता उरलेला नाही. त्याच्या स्थिर आवृत्तीतही पडदा काळाच राहिला. पण भाच्याने त्याच्या आगामी आवृत्तीतील बदलांची यादी वाचली, तर तिच्यात आमच्या त्या चार अक्षरांचा उल्लेख होता. कोणीतरी, कोठेतरी, ती लिपी नुकतीच वाचली होती. मात्र ती आवृत्ती अद्याप 'बीटा' होती.

बीटा म्हणजे काय?

अल्फा आणि बीटा ही ग्रीक वर्णमालेतील पहिली दोन अक्षरे. घडवणारे स्वतःच तपासतात ती अल्फा. काम बव्हंशी पुरे झाले, पण निरनिराळ्या घरी, निरनिराळ्या यंत्रांवर ते कसे चालते हे पाहायचे आहे, म्हणून बाहेरच्यांच्या हाती दिली जाते ती बीटा. पंगत बसण्यापूर्वी आचारी भाजीची चव दुसऱ्याला पाहायला सांगतो, तसाच हा प्रकार. चव पाहणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. भाजी बिघडलेली असू शकते हे गृहीत धरायचे, आणि बिघडली असेल तर नेमके काय कमी-जास्त झाले ते सांगायचे. 'बरी नाही' एवढ्याने आचाऱ्याला काहीच कळत नाही.

पहिल्या गोष्टीसाठी भाच्याने काही पथ्ये घालून दिली. सीडीवरील फाइलच्या आधी दोन प्रती केल्या, एक लॅपटॉपवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. सीडी ओरखडलेली असल्यामुळे एवढ्या कामाला पाऊण तास लागला. त्यानंतर सीडी पुन्हा ड्राइव्हमध्ये घातली नाही. बीटा आवृत्ती त्याच्या जुन्या लॅपटॉपवर बसवली. ज्यावर माझे बँकेचे व्यवहार चालतात त्या लॅपटॉपवर नाही. आणि ती घेतली थेट निर्मात्यांच्या अधिकृत ठिकाणाहून. ही शेवटची दक्षता फार मोलाची आहे. 'तुमचा व्हिडिओ पाहण्यासाठी हा कोडेक बसवा' अशी पाटी दाखवून घातक प्रोग्राम संगणकात शिरवण्याची युक्ती जुनीच आहे. २००५-०६ च्या सुमारास झ्लॉब नावाचा असाच एक प्रोग्राम कोडेकचे सोंग घेऊन जगभर पसरला होता. आठवणीच्या ओढीने अधीर झालेला माणूस अशा जाळ्यात सहज सापडतो.

तीन संध्याकाळी

पहिल्या संध्याकाळी बीटा सुरू केली, आणि सोपा दिसला. झोपाळ्याच्या कड्या, कोनाड्यातील कंदील, भिंतीला टेकलेले सूप आणि मध्ये पाटावर बसलेली आजी. आई काहीच बोलली नाही. काही वेळाने म्हणाली, "ती एवढी बारीक नव्हती."

मला वाटले, आईची आठवण तिला फसवत असेल. परंतु आईचेच खरे होते. ३५२ बाय २८८ ही चौकट मुळात ४:३ या जुन्या दूरदर्शन पडद्याच्या प्रमाणात ताणून पाहायची असते. फाइलमध्ये तसे लिहिलेले नसल्यामुळे प्लेअर बिंदूला बिंदू जुळवून दाखवत होता आणि सारी माणसे किंचित अरुंद दिसत होती. मेनूमधून ४:३ हे प्रमाण निवडताच आजी तिच्या मूळ अंगलटीची झाली. हा प्लेअरचा दोष नव्हे, पण वहीत नोंद केली.

खरा दोष दुसऱ्या संध्याकाळी लक्षात आला. प्रारंभी आजीचे ओठ आणि शब्द बरोबर जुळत होते; पुढे पुढे जुळेनात. ओठ मिटत, आणि वाक्य नंतर येई. मी भाच्याला म्हटले, "आवाज मागं पडतोय, असं कळवून टाक."

तो म्हणाला, "मावशी, असं नाही चालणार. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे तीन सांगायचं. आणि आकडा द्यायचा."

आकडा कसा काढायचा? चित्रपटाच्या चित्रीकरणात पाटी आपटतात ती याचसाठी. पाटी मिटताना दिसण्याचा आणि आवाज येण्याचा क्षण जुळवून चित्र व ध्वनी एकत्र बांधतात. आमच्याकडे पाटी नव्हती, पण आजीचा तांब्या होता. बोलताना तिला तहान लागे, ती पाणी पिई आणि तांब्या फरशीवर ठेवी. तो ठेवल्याचा ठणका स्पष्ट ऐकू येतो. घड्याळ लावून आम्ही मोजले. दहाव्या मिनिटाला तांब्या टेकल्यानंतर दोन सेकंदांनी आवाज. विसाव्या मिनिटाला चार सेकंद. चाळिसाव्याला आठ. अंतर ठराविक गतीने वाढत होते.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही चाचण्या पुऱ्या केल्या. मध्येच थांबवून पुन्हा चालू केले, पट्टी पुढे सरकवून पाहिली, दुसऱ्या संगणकावर लावून पाहिले, अन्य दोन जुन्या फाइली लावून पाहिल्या. त्या फाइलींत असे काही झाले नाही. आजीच्या फाइलमध्ये दर वेळी झाले. हा भेद कळणे महत्त्वाचे असते. दोष पुन्हा पुन्हा घडवून दाखवता आला तरच तो पकडता येतो. मग भाच्याने यंत्राचे वर्णन, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, आमचा तक्ता आणि प्लेअरने स्वतः लिहिलेली घटनांची नोंद असे सारे जोडून कळवले.

रिकाम्या चौकटी

पाच दिवसांनी उत्तर आले. भाषा मोजकी पण सौजन्याची. वाढत जाणाऱ्या अंतराचा तक्ता उपयोगी पडला असे म्हणून त्याने फाइलचा एक नमुना मागितला होता.

येथे आम्ही थबकलो. दोष दाखवण्यासाठी दिलेला नमुना पुढील चाचण्यांसाठी सर्वांना दिसेल अशा जागी ठेवला जाऊ शकतो. आजीचे घरगुती बोलणे, बाळंतपणाच्या आठवणी अनोळखी माणसांच्या हाती द्याव्यात काय? आईला विचारले. ती म्हणाली, "तिला विचारता येत नाही, तर देऊ नका." मग लक्षात आले की पहिल्या मिनिटात आजी नाहीच. मामा कॅमेरा नीट करत आहेत. रिकामा सोपा आणि हलणारा झोपाळा एवढेच त्यात आहे. भाच्याने तेवढाच तुकडा, लिपी न बदलता, जसाच्या तसा कापून पाठवला.

निदान दोन दिवसांत झाले, आणि ते मला फार उद्बोधक वाटले. २००२ मधील दुकानाचा संगणक त्या कामाला जरा अपुरा पडत असावा. फीत चालू असताना अधूनमधून एखादी चौकट टिपायची राहून जाई. अशा वेळी एव्हीआय पद्धतीत शून्य लांबीची एक नोंद ठेवतात. तिचा अर्थ असा की येथे नवे चित्र नाही, मागचेच क्षणभर धरून ठेवा. मोडी कागदावर कोरी सोडलेली जागाही काही सांगत असते, तसे. बीटा आवृत्ती ही रिकामी नोंद निरर्थक समजून ओलांडून जात होती. त्यामुळे प्रत्येक वेळी चित्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतके पुढे सरके; आवाज आपल्या गतीने चाले. आमच्या एका मिनिटाच्या नमुन्यात अशा पाच नोंदी निघाल्या. मिनिटाला पाच, म्हणजे चाळीस मिनिटांत दोनशे. दोनशे भागिले पंचवीस, म्हणजे बरोबर आठ सेकंद. तांब्याने दिलेली साक्ष खरी ठरली.

पुढच्या आठवड्यात सुधारित बीटा आली. ती बसवून आम्ही आधीच्या दोन्ही फाइली पुन्हा लावून पाहिल्या, कारण एक दोष काढताना दुसरा शिरण्याचा संभव असतो. त्या ठीक होत्या. मग आजीची फाइल चाळिसाव्या मिनिटाला नेली. तांब्या टेकला आणि त्याच क्षणी ठणका आला. भाचा टाळी वाजवून उठला.

केवढी?

त्या रात्री जेवणे लवकर आटोपून आम्ही लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. आईने ४२ मिनिटांत एकदाही जागा सोडली नाही. एकतिसाव्या मिनिटाच्या सुमारास पुराची हकिकत आली. आधीच्या बीटामध्ये येथे आजी हात फाकून दाखवी आणि मागून भलतेच वाक्य ऐकू येई. हात नेमका कशाविषयी, हे आम्हाला उमगत नव्हते. आता ती म्हणाली, "आणि ही तर एवढीच हुती बघा," आणि त्याच शब्दावर तिचे दोन्ही तळवे वर आले. त्यांच्यामध्ये वीतभर आणि वर चार बोटे, एवढेच अंतर असेल. मग तिने मान वळवून भिंतीला टेकलेल्या सुपाकडे पाहिले आणि हसली. हे हसणे नुसत्या आवाजात कळले नव्हते.

आईने आपले हात मांडीवरून उचलले, तितक्याच अंतरावर धरले आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिचे वय आज ७९ आहे. "पुन्हा एकदा लाव," एवढेच ती म्हणाली.

वाचकांसाठी काही सूचना

१. घरातील जुन्या सीडी, डीव्हीडी, मेमरी कार्डे आणि बंद पडलेले मोबाइल एकदा तपासून पाहा. सीडी कायमची टिकत नाही. फाइल उघडत नसली तरी तिची प्रत आजच करून ठेवा; वाचणारा उद्या मिळेल, पण विरलेली सीडी परत मिळणार नाही.

२. फाइल चालत नाही म्हणून ती खराब झाली असे समजून टाकू नका. आवाज येतो पण चित्र नाही, किंवा चित्र आहे पण आवाज नाही, अशा वेळी बहुधा कोडेकचा प्रश्न असतो. प्रथम एखाद्या नामांकित मुक्त प्लेअरची स्थिर आवृत्ती लावून पाहा.

३. बीटा आवृत्ती वापरावी लागली तर ती केवळ निर्मात्यांकडूनच घ्या, मूळ फाइलवर नव्हे तर प्रतीवर वापरा, आणि शक्यतो वेगळ्या संगणकावर बसवा.

४. फाइल नव्या पद्धतीत बदलून घेतली तरी मूळ फाइल कधीही पुसू नका. बदलताना प्रत्येक वेळी थोडे बारकावे गळतात. आम्ही रोजच्या पाहण्यासाठी एच.२६४ मध्ये एक एमपी४ प्रत केली. जतनासाठी एफएफव्ही१ या कोडेकमध्ये दुसरी केली. यात चित्राचा एकही बिंदू बदलत नाही, आणि त्याचे वर्णन २०२१ मध्ये खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाल्यामुळे पुढे कोणालाही ते वाचणारे साधन नव्याने घडवता येईल. तिसरी आहे ती मूळ एव्हीआय.

५. दोष आढळला तर कळवा. मोफत मिळालेल्या वस्तूबद्दल कुरकुर कशाला, असा संकोच पुष्कळांना वाटतो. परंतु नीट कळवलेला दोष ही त्या कामातील आपली वर्गणी असते. आमच्या एका तक्त्यामुळे त्या जुन्या कार्डावर उतरवलेल्या इतरांच्याही फिती आता सुरळीत चालतील. त्यांतही कोणाची तरी आजी असेल.

तिन्ही प्रती आता तीन घरी आहेत. एक आमच्याकडे, एक मामांच्या मुलाकडे आणि एक पुण्यात भाच्याकडे. बिस्किटांचा डबा घासून पुसून पुन्हा माळ्यावर ठेवला आहे. सीडी तेवढी आईने आपल्या कपाटात ठेवून घेतली. तिच्यातून आता काही वाचायचे उरलेले नाही हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "असू दे."